बंद दारापासून वाडीवस्तीपर्यंत : धर्मभगिनींच्या इतिहासाची प्रस्तावना

नगर जिल्ह्यातल्या कॅथलिक मिशनचा इतिहास सांगायला कुणी बसले, की पहिल्या दमात पुरुषांची नावे येतात. राहुरी तालुक्यातल्या केंदळला 1878 साली, मोठ्या दुष्काळाची झळ अजून ओसरली नसताना, जेसुइट फादर ओटो वाइसहाउप्ट यांनी मिशन सुरू केले. त्याच केंदळात फादर हेन्री डोरिंग यांनी 1903 मध्ये ‘निरोप्या’ हे मासिक काढले आणि पुढे ते पुण्याचे बिशप झाले. पाणलोटाचे काम म्हटले, की स्वित्झर्लंडहून आलेले फादर हर्मन बाखर आठवतात. ही नावे जिल्ह्याला ठाऊक आहेत आणि ठाऊक असायलाच हवीत. मात्र त्याच गावांत, त्याच मिशनच्या आवारात मुलींचे बोर्डिंग चालवणारी, तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर पट्ट्या ठेवणारी, शिवणाच्या वर्गात काजे करायला शिकवणारी बाई गावाच्या आठवणीत ‘सिस्टर’ एवढीच उरते. फार तर ‘दवाखान्याच्या सिस्टर’, ‘बोर्डिंगच्या सिस्टर’, ‘चष्म्याच्या सिस्टर’. बदलीचा हुकूम आला, की तिची पेटी एस्टीत चढते, दुसऱ्या सिस्टर येतात आणि हाक तीच राहते.

हे विस्मरण गावाच्या कृतघ्नपणातून आलेले नाही. तिच्या व्रतातच त्याची तजवीज आहे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेणारी स्त्री स्वतःच्या मालकीचे काही ठेवत नाही, आणि ‘माझे काम’ हीदेखील एक मालकीच आहे. अनेक संघांत तर व्रतबंधाच्या वेळी जन्मनाव सोडून संतांचे नाव घ्यायची रीत होती. त्यामुळे कागदावर सापडते ते नाव माहेरच्यांना अनोळखी, आणि माहेरचे नाव कॉन्व्हेंटातल्यांना. प्रॉटेस्टंट नगरला लक्ष्मीबाई टिळकांच्या रूपाने स्वतःची गोष्ट स्वतःच्या ठसक्यात सांगणारी बाई लाभली. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या मराठी माणसाला राहुरी आणि नगरचे ख्रिस्ती घर आतून पाहिल्यासारखे वाटते. कॅथलिक सिस्टरच्या घराबद्दल तसे वाटत नाही. तिच्या घरात शिरायचे तर आधी त्या घराच्या भिंतीचा इतिहास जाणून घ्यावा लागतो, कारण स्त्रियांच्या कॅथलिक संघांचा जवळजवळ सारा इतिहास त्या भिंतीशी झालेल्या झगड्याचा आहे.

भिंत शब्दशः होती. 1298 साली पोप बोनिफास आठवे यांनी फर्मान काढले, की व्रतस्थ स्त्रियांनी मठाच्या बाहेर पडू नये आणि बाहेरच्यांनी आत येऊ नये. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या परिषदेने तोच नियम पुन्हा घट्ट केला आणि 1566 मध्ये पोप पायस पाचवे यांनी तो सगळ्यांच व्रतस्थ स्त्रियांवर लादला. फ्रान्सिस्कन किंवा जेसुइट पुरुष गावोगाव हिंडत, समुद्र ओलांडत. बाईने देवाला वाहून घ्यायचे ठरवले, तर तिच्यापुढे दोनच वाटा होत्या, नवरा किंवा भिंत. मठात शहाण्यासुरत्या, लिहित्यावाचत्या, कारभार पाहणाऱ्या स्त्रिया होत्या, हे विसरून चालणार नाही. अविलाच्या तेरेजासारखी लेखिका त्या भिंतीआडूनच झाली. पण शाळा, दवाखाना, गरिबाचे घर या गोष्टी भिंतीपलीकडे होत्या.

ही व्यवस्था आपल्या शेजारीही येऊन पोचली होती. जुन्या गोव्यात मांडवीकाठच्या टेकडीवर सांता मोनिकाचा मठ आहे. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी 1606 मध्ये तो स्थापन केला. आशियातला हा स्त्रियांचा पहिला ख्रिस्ती मठ मानतात. इमारत 1627 मध्ये पुरी झाली, 1636 च्या आगीत जळाली आणि पुन्हा उभी राहिली. आत जाणाऱ्यांत पोर्तुगीज घरांतल्या मुली आणि विधवाच अधिक होत्या. 1834 नंतर पोर्तुगालने धार्मिक संघ मोडीत काढले आणि नव्या मुली घ्यायला बंदी झाली. मठ रिकामा होत होत 1885 साली शेवटची मठवासिनी वारली. एका अख्ख्या संस्थेचा शेवट एका वृद्धेच्या श्वासावर येऊन ठेपावा, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. 1964 पासून त्याच भिंतींमध्ये ‘मातेर देई’ ही सिस्टरांच्या शिक्षणाची संस्था आहे.

सांता मोनिका बांधली जात होती त्याच वर्षांत युरोपात मेरी वॉर्ड ही इंग्रज स्त्री उलट दिशेने निघाली होती. 1609 मध्ये तिने काही मैत्रिणींना घेऊन संघ काढला. मठाची भिंत नको, बिशपची हुकमत नको, जेसुइटांसारखे थेट पोपच्या आज्ञेत राहायचे आणि मुलींच्या शाळा चालवायच्या, असे तिचे म्हणणे होते. ही मागणी घेऊन ती आल्प्स ओलांडून पायी रोमला गेली. 1631 साली पोप अर्बन आठवे यांनी तिचा संघ बरखास्त केला आणि तिला म्युनिकच्या एका मठात पाखंडी म्हणून कोंडले. तिथून तिने मैत्रिणींना लिंबाच्या रसाने पत्रे लिहिली. कागद ऊब देऊन धरला, की अक्षरे उमटत. तिच्या नावाला संस्थापिका म्हणून चर्चची मान्यता मिळायला 1909 साल उजाडले. तिच्याच परंपरेतल्या लोरेटो सिस्टर 1841 मध्ये कलकत्त्याला आल्या आणि त्यांच्याच शाळेत पुढे मदर तेरेसा शिकवत होत्या. मदर तेरेसांचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ज्या बाईने वाट पाडली तिचे नाव कॅथलिक घरांतही क्वचित निघते.

मेरी वॉर्डने समोरासमोर मागितले आणि ती हरली. फ्रान्समध्ये व्हिन्सेंट द पॉल आणि लुईज द मारियाक यांनी 1633 मध्ये आडवाट काढली. आपल्या बायकांना त्यांनी व्रतस्थ म्हणवलेच नाही. वर्षावर्षाची साधी वचने, अंगावर खेड्यातल्या बाईचे साधे कपडे, राहायला भाड्याची खोली. कायद्याने या मठवासिनी नव्हत्याच, म्हणून भिंतीचा नियम त्यांना लागू होत नव्हता. एकोणिसाव्या शतकात शेकडो संघ याच वाटेने निघाले. फ्रेंच राज्यक्रांतीने जुने मठ मोडून टाकले होते, कारखान्यांच्या गावांत अनाथ पोरी रस्त्यावर होत्या, आणि त्यांच्याकडे पाहायला मोकळ्या असलेल्या स्त्रिया हव्या होत्या. ल्यॉनच्या क्लोदीन तेवने हिने राज्यक्रांतीच्या धामधुमीत दोन भाऊ गोळ्यांना बळी पडलेले पाहिले आणि 1818 मध्ये ‘जीझस अँड मेरी’ हा संघ काढला. त्याच्या सिस्टर 1842 मध्ये आग्र्याला आणि 1860 मध्ये पुण्याला पोचल्या. या सगळ्या स्त्रियांना चर्चने खऱ्या अर्थाने व्रतस्थ म्हणून स्वीकारले ते 1900 साली, पोप लिओ तेरावे यांच्या आज्ञेने. शाळा आणि दवाखाने आधी उभे राहिले, मान्यता मागाहून आली.

यांतल्या एका बाईशी मला थोडे थांबायचे आहे, कारण नगरच्या शेतकरी वाचकाला ती परकी वाटणार नाही. मरिया दोमेनिका माझारेल्लो ही इटलीतल्या मोर्नेझे गावची शेतकऱ्याची मुलगी. द्राक्षाच्या मळ्यात पुरुषांच्या बरोबरीने राबणारी. 1860 मध्ये गावात विषमज्वराची साथ आली. नातेवाइकांची सेवा करता करता तिलाही ज्वर झाला, ती वाचली, पण शेतातले कष्ट कायमचे सुटले. तेव्हा ती मैत्रिणीसोबत शिवण शिकली आणि गावातल्या मुलींना शिवण शिकवू लागली. लिहायला तर ती वयाची पस्तिशी गाठल्यावर शिकली. 1872 मध्ये डॉन बॉस्को यांच्याबरोबर तिने सालेशियन सिस्टरांचा संघ उभा केला. 1922 मध्ये त्या सिस्टर तंजावरला आल्या. नगर शहरात सावेडीच्या ‘ऑक्झिलियम’ शाळेत मुलीला घालायला धडपडणाऱ्या आईबापांनी हे जाणून घ्यावे, की ती शाळा चालवणाऱ्या संघाची मूळ संस्थापिका अक्षर गिरवायला तिशीनंतर बसली होती. कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी, टाय आणि फी, अशी आपल्याकडे समजूत झाली आहे. त्या समजुतीखाली शिवणयंत्रावर वाकलेली मोर्नेझेची पोर दिसेनाशी झाली.

आता दवाखान्याकडे वळू. खेड्यातल्या सिस्टरची मोठी आठवण बाळंतपणाशी जोडलेली असते, म्हणून पुढचा तपशील वाचून पुष्कळांना धक्का बसेल. सार्वजनिक व्रते घेतलेल्या स्त्रियांना 1936 पर्यंत प्रसूतीच्या कामाला आणि डॉक्टरकीला चर्चच्या कायद्याने मज्जाव होता. त्या रुग्णाच्या उशाशी बसू शकत, पण बाळंतिणीला हात लावणे व्रताला शोभत नाही, अशी समजूत होती. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतल्या. हिंदुस्थानातली बाई पुरुष डॉक्टरला अंग दाखवणार नाही आणि म्हणून मरेल, हे आपल्या लोकांना त्या आधीपासून सांगत होत्या. नेमके हेच रोमला पटवण्यासाठी अ‍ॅग्नेस मॅक्लॅरन या स्कॉटिश डॉक्टरबाईंनी उतारवयात खटपट केली. त्यांच्यापासून प्रेरणा घेतलेल्या ऑस्ट्रियाच्या अ‍ॅना डेंगेल रावळपिंडीच्या स्त्री-रुग्णालयात काम करून गेल्या आणि 1925 मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला मेडिकल मिशन सिस्टरांचा संघ स्थापला. तोही सार्वजनिक व्रतांशिवाय, कारण व्रत घेतले असते तर वैद्यकी सोडावी लागली असती. फेब्रुवारी 1936 मध्ये रोमने बंदी उठवली. आनंदीबाईंच्या पदवीपासून मोजली तर बरोबर पन्नास वर्षे. त्या पन्नास वर्षांत दख्खनच्या खेड्यांतून किती बायका बाळंतपणात दगावल्या असतील, या विचाराने मन घट्ट करूनच हा इतिहास वाचावा लागतो. आणि म्हणूनच, नंतर कंदील घेऊन वस्तीवर बाळंतपणाला गेलेल्या सिस्टरच्या पाठीमागे कुणाकुणाची खटपट होती, हे ध्यानात ठेवायला हवे.

हा सगळा ओघ युरोपातूनच आला असे समजणे चूक ठरेल. केरळात कूनम्मावला 1866 मध्ये एलीश्वा या विधवेने, आपली मुलगी आणि बहीण यांना घेऊन, बांबूच्या कुडाच्या घरात तिथल्या देशी स्त्रियांचा पहिला संघ सुरू केला. मंगळूरला 1921 मध्ये बेथनी सिस्टर निघाल्या. मुंबईत अंधेरीला 1942 साली आना हुबेर्टा रोगेनडॉर्फ या जर्मन सिस्टरने ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ हा साडी नेसणाऱ्या सिस्टरांचा संघ उभा केला. टाकून दिलेली मुले आणि कुष्ठरोगी हे त्यांचे पहिले सगेसोयरे. पहिल्या महायुद्धात जर्मन जेसुइटांना मुंबई-पुण्याच्या मिशनमधून जावे लागले आणि परक्या माणसांवर उभे राहिलेले काम किती तकलादू असते ते दिसून आले. त्यानंतरच्या काळात सिस्टर म्हणून दारात उभी राहणारी मुलगी केरळची, मंगळूरची, गोव्याची, वसईची, पुढे छोटानागपूरची असू लागली. नगरच्या खेड्यात आल्यावर तिलाही भाकरी थापायला, ‘काय चाललंय आजी’ म्हणून ओट्यावर टेकायला शिकावेच लागले. वसईची मुलगी सोडली, तर मराठी तिच्यासाठी तितकीच नवी होती जितकी वाइसहाउप्टना.

मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट आठवावी. बाईने संन्यास घेणे या मुलखाला नवे नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी स्त्रियांना दीक्षा दिली, आणि आद्य कवयित्री महदाइसा त्यांच्याच पंथातली. मुखपट्टी बांधून अनवाणी चालणाऱ्या जैन साध्वी नगरच्या रस्त्यांवर आजही दिसतात. राहाता तालुक्यात साकोरीला उपासनी महाराजांनी कन्याकुमारी स्थान काढले. त्यांच्यानंतर, 1941 पासून, गोदावरीमाता या स्त्रीने ते सांभाळले. तिथे ब्रह्मचारिणी स्वतः वेदमंत्र म्हणून यज्ञ करतात. ज्या अधिकारासाठी पुरुष पुरोहितांशी वाद घालावा लागतो, तो त्यांनी हातात घेऊन टाकला. साकोरी आणि केंदळ एकाच जिल्ह्यात आहेत. पण दोन्हींकडच्या स्त्रियांचा इतिहास एकत्र ठेवून वाचायची सवय आपल्याला लागलेली नाही, आणि ती लागावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. आज्ञा कुणाची पाळायची, पैसा कुणाच्या हाती, गुरू पुरुष असेल तर त्याच्यानंतर काय, हे प्रश्न दोन्ही अंगणांत सारखे आहेत.

अशी देवघेव प्रत्यक्षात झाली आहे, आणि तिचे एक मूळ नगरमध्येच आहे. अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला नगरला ख्रिस्त सेवा संघ काढला. साधी राहणी, एकत्र जेवण आणि गोरा-काळा भेद न मानणारे घर. 1927 मध्ये तो पुण्याला गेला. पुढे ओस पडलेला तो आश्रम 1972 मध्ये स्त्रियांनी पुन्हा चालता केला. एका बाजूने वॉन्टेजच्या अँग्लिकन सिस्टर, ज्यांच्याकडे कधीकाळी पंडिता रमाबाई राहिल्या होत्या, आणि दुसऱ्या बाजूने सेक्रेड हार्ट संघाच्या कॅथलिक सिस्टर. त्यांतल्या सिस्टर सारा ग्रँट शांकर अद्वैताच्या अभ्यासक होत्या. चारशे वर्षे एकमेकांच्या पंक्तीला न बसलेल्या दोन चर्चांच्या बायका एका छताखाली उपनिषदे वाचू लागल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये सगळ्या संघांना आपल्या मुळांकडे आणि काळाकडे पुन्हा पाहायला सांगितले होते. त्या आदेशाचा इतका धीट अर्थ पुण्यात लावला गेला.

त्याच परिषदेनंतर खेड्यातली सिस्टरही बदलली. मिस्सा मराठीतून होऊ लागली, झगा जाऊन साडी किंवा पंजाबी पोशाख आला. शाळा आणि दवाखान्याच्या जोडीला बालवाडी, बचत गट, ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांचे प्रश्न, दारू आणि मारहाणीच्या तक्रारी या गोष्टी आल्या. नगर रस्त्याला जवळ असलेल्या वढू बुद्रुकला 1997 मध्ये सिस्टर लुसी कुरियन यांनी ‘माहेर’ सुरू केले. त्याच्या काही वर्षे आधी एक गरोदर बाई त्यांच्याकडे आसरा मागायला आली होती. तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले गेले, आणि त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिले. 1991 ची ही घटना सिस्टर लुसींनी पुन्हा पुन्हा जाहीरपणे सांगितली आहे. आजची सोय नाही म्हणून कुणाला परत पाठवायचे नाही, हा ‘माहेर’चा नियम त्यातून आला.

कौतुकाबरोबर काही अवघड प्रश्नही विचारले पाहिजेत. नगरच्या कॅथलिक समाजात बहुसंख्य कुटुंबे पूर्वाश्रमीच्या महार आणि मांग समाजातली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती नाकारल्या गेल्या, त्यामुळे मिशनचे बोर्डिंग हीच पुष्कळ मुलींची एकमेव शिडी होती. त्या शिडीवरून नर्स, शिक्षिका आणि सिस्टर झालेल्या मुली जिल्ह्यात आहेत. पण बाहेरून आलेल्या संघांत इथल्या मुलींना कसे वागवले गेले, त्या मदर सुपिरिअर झाल्या का, बोर्डिंगच्या शिस्तीत त्यांची बोली आणि त्यांच्या घरची भाकरी कमी लेखली गेली का, याची उत्तरे त्या मुलींच्याच तोंडून यायला हवीत. दुसरा प्रश्न सत्तेचा. व्रत आज्ञापालनाचे, आणि आज्ञा देणारे शेवटी पुरुष. 2018 साली केरळातल्या पाच सिस्टर एका बिशपाविरुद्धच्या तक्रारीत न्याय मागत कोचीच्या रस्त्यावर धरणे धरून बसल्या. त्या खटल्यात न्यायालयाने 2022 मध्ये बिशपांना निर्दोष ठरवले. निकाल काहीही असो, सिस्टरांनी चर्चच्या आतली गोष्ट चर्चच्या बाहेर रस्त्यावर बसून बोलणे, हे मेरी वॉर्डच्या लिंबाच्या रसापासून फार लांब आलेले पाऊल आहे आणि या इतिहासात त्याची नोंद करावीच लागेल.

साधनांविषयी थोडे. 1903 पासूनच्या ‘निरोप्या’च्या अंकांत मिशनची बातमीपत्रे आहेत, ती सिस्टरांचा माग काढण्यासाठी नव्याने वाचावी लागतील. कॉन्व्हेंटात घराची रोजनिशी ठेवण्याची जुनी पद्धत आहे. कोण आले, कोण गेले, विहीर कधी आटली, कुठली मुलगी परीक्षेला बसली, असल्या नोंदी त्यात असतात. या वह्या इंग्रजीत, जुन्या काळी जर्मनसारख्या भाषांतही लिहिल्या जात, आणि घर बंद झाले की त्या मातृगृहाच्या कपाटात जातात. नगर जिल्हा 1886 पासून पुणे धर्मप्रांतात आणि 1987 पासून नव्या नाशिक धर्मप्रांतात आहे, त्यामुळे कागदही दोन शहरांत विभागलेले. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण जुन्या वह्यांत शोधणाऱ्याने ‘अहमदनगर मिशन’ असेच शोधावे.

कागदांहून घाईचे काम माणसांचे आहे. सिस्टर म्हातारी झाली की तिला संघाच्या वृद्धाश्रमात नेतात, बहुधा दूरच्या राज्यात. साठीसत्तरीच्या दशकात राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, शेवगावच्या वाड्यावस्त्यांवर पायी हिंडलेल्या सिस्टर आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि ज्यांच्याशी त्या मराठीत बोलल्या ती माणसे त्यांच्या आसपास नाहीत. त्यांना भेटायला जाताना बोर्डिंगमध्ये शिकलेली एखादी आजी सोबत न्यावी. मुलाखत घेणाऱ्याने फार विचारू नये. त्या दोघींनाच बोलू द्यावे, आणि कुठल्या साली कुणाचे बाळंतपण अडले होते, कुणाला सासरहून परत आणले होते, कुणाच्या फीचे पैसे कोठून उभे केले होते, ते नावागावासकट उतरवून घ्यावे.